ती पुण्याला गेली होती

पोलीस खात्याचा माणूस मुलीची चौकशी करायला घरी आला, तेव्हा मी त्याला कांदेपोहे केले.

आता हसू येतं, पण त्या दिवशी मी अगदी मनापासून केले होते. मुलीची चौकशी करायला कुणी येतंय म्हटलं की माझ्या पिढीच्या बाईला दुसरं काही सुचतच नाही. घर आवरायचं, सोफ्याची कव्हरं बदलायची, पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालायची आणि मुलीबद्दल चांगलं तेवढंच बोलायचं. माझा नवरा म्हणालासुद्धा, "अगं, तो बॅकग्राउंड चेक करायला येतोय, मुलगी बघायला नाही." मी म्हटलं, "तुम्ही टाय लावू नका म्हणजे झालं."

माणूस साठीचा, उंच, गोरा, बसताना गुडघ्याला हात लावून कण्हणारा. आयुष्यभर डिटेक्टिव्ह होता, रिटायर झाल्यावर आता फक्त नव्या उमेदवारांची चौकशी करायचं काम करतो असं त्याने सांगितलं. न सांगता दारात बूट काढले, तेव्हाच मला तो आवडला. पोहे त्याने चमच्याने सावकाश खाल्ले. कढीपत्त्याचं एकेक पान बाजूला काढून ताटलीच्या कडेला ओळीने लावून ठेवलं. मला वाटलं, चला, जमलं.

मुलगी पोलिसात जाणार हे आमच्या घराला पचायला वर्ष लागलं होतं. अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या गल्लीत ज्याचं त्याचं पोर कम्प्युटरवाला नाहीतर डॉक्टर. आमची कॉलेज संपवून काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, इमर्जन्सी कॉल सेंटरमध्ये फोन घ्यायला लागली, तेव्हा मी लोकांना 'हेल्थकेअरमध्ये आहे' असं सांगत असे. तीन वर्षं तिने लोकांच्या किंकाळ्या कानात ऐकल्या. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, "आई, मी फोन ठेवते आणि तिकडे दुसरंच कुणीतरी पोचतं. मला पोचायचंय." माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी खूप चिडले, दोन दिवस बोलले नाही. नाकावर राग घेऊनच जन्माला आलेय, त्याला काय करू? तिसऱ्या दिवशी तिच्या डब्यात साबुदाणा खिचडी भरून दिली. आमच्याकडे समेट असाच होतो.

इथे पोलीस व्हायचं म्हणजे नुसती नोकरी मिळून भागत नाही. राज्याचं सर्टिफिकेट लागतं. आधी खात्याने निवडायचं, मग चौकशी, डॉक्टरची तपासणी, मानसतज्ज्ञाची तपासणी, मग कित्येक महिने पोलीस अकॅडमी, राज्याची परीक्षा, आणि मग कुठे तो कागद हातात. तोही पहिलं वर्ष कच्चा. पुढे दर वर्षी ट्रेनिंग, दर वर्षी नेमबाजी पास करायची, नाहीतर कागद गेला. तिने मला हे सगळं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "एवढं तर मला ड्रायव्हिंग लायसन्सलाही नाही केलं कुणी." ती हसली आणि म्हणाली, "आई, राज्य बरंच काही माफ करतं. गाडी जोरात चालवून तिकीट मिळालेलं, अठराव्या वर्षी केलेला गाढवपणा, सगळं. एक गोष्ट नाही करत. खोटं. खोटं बोललीस की संपलं. कोर्टात साक्ष द्यायची असते ना आम्हाला, मग आमच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?"

एव्हाना ती वेगळी राहत होती. चौकशीच्या आदल्या दिवशी तिने फोनवर इतकंच सांगितलं, "तो जे विचारेल ते खरं सांग. बाकी काही नको."

मी फणकारले, "मग मी काय खोटारडी आहे?"

पुण्याच्या बाईला आपल्या स्पष्टवक्तेपणाचा केवढा अभिमान असतो, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पाहुण्याचे पोहे झाले, चहा झाला. त्याने चष्मा लावून वही उघडली. लहानपणी कशी होती, राग आला की काय करते, कुणाशी भांडणं, कुणाचे पैसे बुडवले का, असं सगळं विचारलं. मी भरभरून सांगितलं. मग कागद उलटत म्हणाला, "मॅम, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात आठ महिन्यांची गॅप दिसते. त्या वेळी ती कुठे होती?"

"पुण्याला," मी म्हटलं. पापणीसुद्धा हलली नाही. "माझ्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. आजीची सेवा करायला गेली होती."

नवऱ्याने ताटलीत मान घातली. पाहुण्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आठही महिने?"

"हो तर. फार जीव आहे तिचा आजीवर."

खरं काय होतं ते सांगते. त्या वर्षी ऑक्टोबरात ती कॉलेजमधून घरी आली ती अंथरुणाला खिळली. ताप नाही, खोकला नाही. नुसतं उठवत नव्हतं. जेवण नको, आंघोळ नको, बोलणं नको. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, थेरपी सुरू झाली. आठ महिने माझी पोर वरच्या खोलीत होती. आणि मी खाली, दिवाणखान्यात, येईल त्याला सांगत होते की ती पुण्याला गेलीय. आईचं ऑपरेशन खरंच झालं होतं, त्यामुळे अर्धं खोटं आयतंच मिळालं. उरलेलं अर्धं मी मन लावून रचलं. एक सांगितलं की दुसरं सांगावं लागतं. डिसेंबरात तर मी कमालच केली. इथल्याच इंडियन स्टोअरमधून बाकरवडीची पाकिटं आणली, वरची लेबलं काढून डब्यांत भरली आणि 'पोरीने कुणाबरोबर तरी पाठवलीय' म्हणून शेजारी वाटली. इतक्या वेळा सांगितलं, इतक्या वेळा सांगितलं, की पुढे पुढे मला ती आजीला धरून अंगणात चालवताना दिसायचीसुद्धा.

का केलं? लोक काय म्हणतील, उद्या लग्नाचं बघायला लागलो तर कुणीतरी हे काढेल, पोरीला 'तसली' ठरवतील. हेच, दुसरं काय? आणि त्या पाहुण्यासमोर तर वाटलं, डिप्रेशन झालेल्या मुलीच्या हातात कोण बंदूक देईल? ती बरी होऊन कॉलेजला परतली, पास झाली, नोकरीला लागली. त्या वर्षाबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी गृहीतच धरलं की फॉर्ममध्ये तिनेही काहीतरी सांभाळून घेतलं असेल. तिने घेतलं नव्हतं. तिने सगळं लिहिलं होतं. आजाराचं नाव, डॉक्टरांचं नाव, गोळ्यांची नावं, आणि तेव्हाचा राहण्याचा पत्ता म्हणून आमचा पत्ता.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी मी डोशाचं पीठ वाटत होते. दार उघडून ती आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आधी मिक्सर बंद केला तिने.

"आई, तू त्याला काय सांगितलंस?"

मी म्हटलं, "काय म्हणजे? चांगलंच सांगितलं."

"तू पुणं सांगितलंस."

मी फडकं घेऊन ओटा पुसायला लागले.

"तो शेजारी गेला होता. त्याने डॉक्टर काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या पुणं. तुझ्या मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली पुणं. काकूंनी तर त्याला सांगितलं की मी त्यांना तिथून बाकरवडी पाठवली होती. त्याने वहीत लिहून घेतलंय, आई. बाकरवडी." हसायला यावं असं वाक्य होतं, पण ती हसली नाही. "काल मला बोलावलं होतं. म्हणाला, इतकी माणसं एक सांगताहेत आणि तू दुसरं सांगतेयस. कुणीतरी खोटं बोलतंय. तीन आठवड्यांनी अकॅडमी सुरू होतेय. हे मिटलं नाही तर माझी सीट गेली. आणि नुसती सीट नाही. फाइलवर एकदा 'खोटं बोलते' असं आलं ना, की या राज्यात कुणीच मला घेणार नाही. कधीच."

"अगं, पासपोर्ट दाखव ना त्याला! शिक्काच नसेल त्यावर."

"दाखवला. त्याने माझे मेडिकल पेपर्सही मागवलेत, येतील. पण तो म्हणाला, तुझी स्वतःची आई असं का सांगेल? काय सांगू त्याला?"

मग मी जे करते तेच केलं. चिडले. "तुझ्यासाठीच केलं ना सगळं! कुणासाठी केलं? तुझं वाईट व्हावं म्हणून केलं का?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. इंग्रजीत बोलायला लागली. आतलं काही असलं की ती इंग्रजीत जाते. "आय वॉज हिअर, आई. मी वरच होते." मग जरा थांबून मराठीत म्हणाली, "जानेवारीत तुझं हळदीकुंकू होतं. वीसएक बायका खाली. मला सगळं ऐकू येत होतं. तू सांगत होतीस, पुण्यात किती थंडी पडलीय, तिला स्वेटर पाठवला म्हणून. मी लाइट नाही लावला. बाथरूमला गेले तर फ्लश नाही केलं, आवाज जाईल म्हणून. अडीच तास. तू सांगितलं नव्हतंस असं कर म्हणून. मला आपोआप कळलं की मी इथे नसायला हवं."

सहा वर्षं मी त्या हळदीकुंकवाचे फोटो फोनमध्ये बाळगून होते. हिरव्या पैठणीत मी केवढी हसतेय त्यात!

"आणि आता," ती म्हणाली, "सगळे मिळून तेच सांगताहेत. मी एकटीच म्हणतेय की मी इथे होते."

पीठ तसंच राहिलं आणि ती निघून गेली. मी दारापर्यंत गेले आणि तिची गाडी वळेपर्यंत उभी राहिले. रागाने नव्हे हो, लाजेने कान तापले होते माझे.

नवरा गॅरेजमध्ये होता. मी जाऊन त्याच्यावरच घसरले. "तुम्ही शेजारी बसून पोहे चिवडत होतात! तोंड नव्हतं का तुम्हाला?"

तो हातातलं फडकं घडी घालत राहिला. फार कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "तेव्हाही नव्हतं गं. सहा वर्षांपूर्वीही. तू सांगायचीस आणि मला बरं वाटायचं, की मला काही सांगावं लागत नाही." त्याचे डोळे भरून आले होते. तीस वर्षांच्या संसारात मी त्याला दुसऱ्यांदा तसं पाहिलं. मग काय भांडणार? दोघं तिथेच, खोक्यांवर बसून राहिलो.

मी त्या चौकशीच्या माणसाला फोन केला. बोबडी वळली होती, इंग्रजी शब्द सापडेनात. "सर, मी तुम्हाला खोटं सांगितलं," इतकंच म्हटलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मॅम, लेखी द्यावं लागेल. सही करून, स्वतः ऑफिसमध्ये येऊन. आणि तुमच्या शेजारणींनी जे सांगितलं तेही दुरुस्त व्हायला हवं. मी त्यांना फोन करण्यापेक्षा त्यांनीच मला केलेला बरा." म्हणजे मला दारोदार जायचं होतं.

आधी डॉक्टर काकूंकडे गेले. त्या आणि त्यांचे यजमान पन्नासएक वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हा इथे आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. काकू आता अठ्ठ्याहत्तरच्या, गुडघे दुखतात पण जीभ तल्लख. आमच्या सगळ्यांच्या सासूच्या जागी. त्यांच्यासमोर खोटं उघडं पडणं म्हणजे भर मंडपात पदर ढळण्यासारखं. मी सोफ्याच्या कडेला बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ऑक्टोबर, वरची खोली, गोळ्या, सगळं. मान वर करायची हिंमत नव्हती.

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "म्हणजे ती बाकरवडी इथलीच होती?"

"हो, काकू."

"तरीच. खवट लागली होती."

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडायलाच आलं. त्यांनी उठून माझ्याजवळ येऊन माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "अगं वेडे, मी डॉक्टर होते ना गं. चाळीस वर्षं पेशंट बघितले. दोन घरं सोडून राहत होते. पोर वर पडून होती आणि मी खाली येऊन तुझ्याकडचे तिळगूळ खाऊन गेले. सांगितलं असतंस तर तिच्याजवळ नुसती बसले असते."

त्या रागावल्या असत्या तर मी सहन केलं असतं. हे मला सहन झालं नाही.

मैत्रिणीकडे मात्र व्हायचं ते झालंच. ती नागपूरची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मनाने लोणी पण भडकली की पेटलीच. तिचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं लटकलेलं. "काय बाई तू! मी पोलिसासमोर खोटं बोलले तुझ्यापायी! छातीठोकपणे सांगितलं मी त्याला, म्हटलं मीच तिला एअरपोर्टवर सोडलं असतं पण मला मीटिंग होती. माझ्या कागदांचं काही झालं तर? यार, माझी दोन मुलं आहेत!" मी म्हटलं, "तुला माहीतच नव्हतं खरं काय ते." "पण एअरपोर्टचं मी माझ्या मनाने घातलं ना!" असं म्हणून तिने कपाळावर हात मारला. आपण साध्या चौकशीतही दुसऱ्याच्या मुलीची बाजू घ्यायला किती धावतो बघा. खोटं माझं, पण प्रत्येकीने त्याला आपल्या हाताने थोडा मुलामा दिला होता, आणि सगळ्यांनी प्रेमाने. तिने मला चहासुद्धा विचारला नाही. पण संध्याकाळी मेसेज आला, 'फोन केला त्याला. सांगितलं. आता तू नीट लिही.'

लिहायला मला चार दिवस लागले. मुलीची मदत घेता येत नव्हती, घ्यायचीही नव्हती. आधी मराठीत लिहिलं. पहिल्या खेपेला तीन पानं झाली आणि वाचून पाहिलं तर त्यात नुसती कारणं. समाज, लग्न, माझी आई, माझी काळजी. फाडून टाकलं. शेवटी अर्धं पान उरलं. माझी मुलगी आजारी होती. ती आमच्या घरी होती. पुण्याला गेली नव्हती. शेजाऱ्यांना मीच फसवलं. तुम्हालाही मीच फसवलं. तिने जे लिहिलंय ते खरं आहे. मग ते इंग्रजीत केलं आणि बँकेतल्या नोटरीसमोर सही केली. नोटरी तिशीतली पोरगी होती. शिक्का मारताना तिची नजर त्या ओळींवरून गेली. तिने काही विचारलं नाही, पण कागद परत देताना दोन्ही हातांनी दिला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. फाइल पुढे गेली. मानसतज्ज्ञाने तिला दोन तास बसवून पास केलं, आजार लपवला नाही हीच गोष्ट तिच्या बाजूने लिहिली म्हणे. अकॅडमीत तिचे पाय सोलवटले, खांदा निखळता निखळता वाचला, राज्याच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली. कच्चं सर्टिफिकेट आलं, वर्षाने पक्कं झालं. या वर्षीही तिचं ट्रेनिंग झालं, नेमबाजी झाली, कागद शाबूत आहे. दर वर्षी त्या दिवसांत मी देवापुढे साखर ठेवते आणि ती मला वेड्यात काढते. लग्नाचं म्हणाल तर अजून नाही, आणि आता मी कुणाला काही सांगत बसत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या ऑफिसातलं.

मी एकटीच गेले होते. लहानशी खोली, भिंतीवर कॅलेंडर, टेबलावर टिशूचा खोका. तो खोका तिथे का ठेवतात ते मला नंतर कळलं. त्याने माझा कागद वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "का, मॅम?"

मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मला लाज वाटत होती."

"तिची?"

"तेव्हा वाटायचं, तिची. आता वाटतं, माझी. पोर घरात बुडत होती आणि मला काही करता येत नव्हतं. आईला कळायला हवं ना? ते लोकांना सांगायची लाज."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "मी तुम्हाला पकडायला आलो नव्हतो. खरं म्हणजे तो प्रश्न मी सहज विचारला होता. उत्तर माझ्याकडे आधीच होतं, मला फक्त तुमच्या तोंडून 'हो' हवं होतं."

"माझ्याच का?" मी विचारलं.

तो जरासा घुटमळला. फाइल उघडली, एक पान शोधलं, बाकीच्या मजकुरावर कोरा कागद ठेवला आणि एकच चौकट मला दिसेल असं ते पान माझ्याकडे फिरवलं. "हे दाखवायला नको खरं तर," म्हणाला.

मुलीचं अक्षर होतं. तिने हा फॉर्म भरला तो माझ्या पोह्यांच्या दीड महिना आधी. त्या आठ महिन्यांबद्दल खात्री देऊ शकेल अशा माणसाचं नाव लिहा, असा प्रश्न होता. डॉक्टर होते, थेरपिस्ट होती. त्यांची नावं दुसरीकडे होती. इथे तिने माझं नाव लिहिलं होतं. नातं, आई. आणि शेवटच्या रकान्यात, या व्यक्तीला हे कसं माहीत आहे, तिथे लिहिलं होतं, 'ती रोज माझ्या बंद दाराबाहेर बसून असायची. तिला वाटतं मला माहीत नाही.'

मी बसायचे, हो. रोज बसायचे. दुपारी जेवणं आटोपली की मेथी निवडायला नाहीतर मटार सोलायला म्हणून वर जायचे आणि पॅसेजमध्ये कार्पेटवर, तिच्या दाराला पाठ लावून बसायचे. आत कूस बदलल्याचा आवाज आला की जिवात जीव यायचा. खोकायचंसुद्धा नाही, तिला त्रास नको. मी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. कुणाला सांगणार? जिच्या दाराबाहेर बसायचे, ती तर पुण्याला होती.

मी त्या चौकटीवर बोट ठेवलं. आठ महिने मी अख्ख्या गावाला सांगत राहिले की माझी मुलगी घरात नाही. आणि जिथे एक खोटा शब्दही चालत नाही अशा कागदावर तिने लिहून दिलं होतं की मी होते.